हायमास्टच्या पलीकडचा शनी

तुम्ही चोर आहात, साहेब. तुमचं आणि तुमच्या कचेरीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं तर तुम्ही त्याचं कात्रण काढून केबिनमध्ये लावाल. पण कात्रपच्या आमच्या चौकात, आमच्या बिल्डिंगच्या बरोब्बर तोंडासमोर, कुणालाही न विचारता तो हायमास्ट, म्हणजे दिव्यांचा तो उंच खांब, उभा करणारे तुम्हीच. त्या हायमास्टनं आमच्या गच्चीवरून अख्खं आकाश उचलून नेलं. सोनसाखळी गेली तर पोलीस निदान पंचनामा करतात. आकाश गेलं तर कुठल्या चौकीत जायचं?

मी शिकून लेखक झालेलो नाही. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळतो, आणि लिहायला शिकलो ते कंपनीच्या नोटिसांना उत्तरं देऊन देऊन. त्यामुळे भाषा जरा तिखट आहे. सहन करा. आम्ही तुमचा उजेड सहन करतोच आहोत.

स्टोअरकीपरला आकाशाशी काय करायचंय, हे मला पहिल्यांदा भावनानं विचारलं. भावना माझी बायको. तिचा दुसरा प्रश्न बजेटचा होता आणि त्याचा निकालही तिनंच देऊन टाकला. "फ्रिजपेक्षा महाग वस्तू या घरात आली तर तिनं निदान पाणी थंड केलं पाहिजे."

म्हणजे फ्रिजपेक्षा स्वस्त दुर्बीण. तीतून ग्रह दिसले पाहिजेत आणि मोबाइल लावून फोटोही काढता आला पाहिजे. एवढीच माझी मागणी. पण तुम्ही दुर्बीण घेणार हे बिल्डिंगला कळलं की बिल्डिंगमधला प्रत्येक माणूस खगोलशास्त्रज्ञ होतो. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी सांगितलं, आधी बायनॉक्युलर घ्या. चौथ्या मजल्यावरच्यांनी सांगितलं, काहीच घेऊ नका, सगळं यूट्यूबवर दिसतं आणि मानही दुखत नाही. सेक्रेटरींच्या मुलानं, हितेशनं, तर मोबाइलवरची जाहिरातच पुढे केली. "काका, ही घ्या. पाचशे पट मोठं दिसतं. सोबत स्टँड फ्री."

मी रोज जेवणाच्या सुट्टीत वाचत बसलो आणि स्वतःच्या डोक्यानं तीन गोष्टी शिकलो. पेटीवर लिहिलेले 'पट' ही शुद्ध थाप असते. दुर्बिणीचा आरसा किंवा भिंग किती रुंद आहे, त्यावर सगळं ठरतं. आणि स्टँड डगमगत असेल तर चंद्र बघणं म्हणजे रिक्षात बसून सुईत दोरा ओवणं. बाकी सल्ले फुकट गेले. इंटरनेटवरच्या एका परदेशी तज्ज्ञानं लिहिलं होतं की बजेट कमी असेल तर निराश होऊ नका, बजेट वाढवा.

शेवटी अंबरनाथ पूर्वेला एक सेकंडहँड माल सापडला. बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ मुलाकडे राहायला निघाले होते. आरशाची दुर्बीण, आरसा चांगला रुंद, एक ओरखडा नाही. मी म्हटलं, हिची तिपाई कुठाय? ते म्हणाले, "तिपाईवर कारल्याचा वेल चढलाय हो. आता काढवत नाही." त्यांची मिसेस आतून म्हणाली की कारली हवी असतील तर देते. मी नळी घेतली, कारलीही घेतली आणि निघालो.

ही दुर्बीण म्हणजे एक जाड पांढरी नळी असते. तिला बाजूनं डोळा लावायचा. ती खांद्यावर घेऊन मी बिल्डिंगमध्ये शिरलो तेव्हा वॉचमननं विचारलं, गीझर कितीला पडला. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत माझा गीझर झालेला होता आणि आमच्या घरी येऊन लोक भावनाला विचारत होते की जुना गीझर द्यायचाय का.

आता ही नळी लावायची कुठे? आमच्या गॅलरीला बॉक्स ग्रिल. त्यातून समोरच्या बिल्डिंगचं बॉक्स ग्रिल फार स्पष्ट दिसतं. राहिली गच्ची. गच्चीला कुलूप, आणि कुलपाची चावी बुधाजीशेठांच्या कमरेला.

बुधाजीशेठ आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांच्या बापजाद्यांची, तिथं आधी भात पिकायचा. जमिनीच्या बदल्यात बिल्डरनं त्यांना चार फ्लॅट दिले आणि सेक्रेटरीपद त्यांनी स्वतःच घेतलं. गच्ची सगळ्या सभासदांची असते हे कायद्यात लिहिलंय. तो कायदा मी वाचलाय, शेठनी वाचलेला नाही, आणि यात तोटा माझाच झाला.

"परमोद," ते म्हणाले, "गच्ची उघडी टाकली का पोरं वर जाऊन बसतान. मंग बाटल्या कोन उचलनार? तू?"

"शेठ, मला फक्त आकाश बघायचंय."

"आकाश खालून नाय दिसत?"

त्यांची बायको गोदूबाई दारात वाल सोलत बसली होती. ती म्हणाली, "द्या ना त्याला चावी. गीझरमदून चांद दिसतो म्हनं."

शेठनी विचार केला आणि अट घातली. एकदा सगळ्या बिल्डिंगला चंद्र दाखवायचा. सगळ्यांना पटलं तर चावी माझी. नाही पटलं तर गच्चीवर परत पाय ठेवायचा नाही आणि गीझर पाण्याला जोडायचा.

"कधी दाखवू?" मी विचारलं. ते म्हणाले, तूच सांग. आणि मी छाती पुढे काढून सांगितलं, "पौर्णिमेला."

इथं मला जरा थांबून खुलासा केला पाहिजे. आमच्या बौद्ध घरांत कुठलीही चांगली गोष्ट पौर्णिमेला होते. भगवंतांचा जन्म पौर्णिमेचा, ज्ञानप्राप्ती पौर्णिमेची. दर पौर्णिमेला विहारात वंदना असते, लोक पांढरे कपडे घालून येतात, खीर असते. माझ्या तोंडून अष्टमी निघणं शक्यच नव्हतं. दुर्बिणीतून चंद्र बघायला पौर्णिमेइतका नालायक दिवस नसतो, ही ओळ मी वाचलेल्या प्रत्येक लेखात होती आणि प्रत्येक वेळी मी ती सोडून पुढे गेलो होतो. मला वाटलं, हे परदेशातल्या चंद्राबद्दल असेल.

आधी स्टँडचा प्रश्न होता. असल्या नळीला तिपाई लागतच नाही, प्लायवूडचा एक साधा खोका पुरतो. खाली फिरती फळी, वर दोन खाचा, त्यात नळी टेकवायची. चित्र घेऊन मी उल्हासनगरला कॅम्प चारला गेलो. तिथं चंदरशेठचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. आमच्या लग्नातलं कपाट त्यांचंच. अजून त्याचं दार लागत नाही, पण माणूस गोड.

चंदरशेठनी चित्र सरळ धरून पाहिलं, उलटं धरून पाहिलं. "साईं, ये तो खाली डब्बा है."

"हो. खोकाच पाहिजे."

"खोका तुमको कोई भी देगा. चंदर के पास आके खोका लेके जाओगे, मार्केट में मेरा नाम क्या रहेगा?"

मी हात जोडले. म्हटलं, शेठ, साधा ठेवा, काही घालू नका. ते म्हणाले, बेफिकीर जाओ. चंदरशेठ बेफिकीर जाओ म्हणाले की माणसानं तिथंच मुक्काम ठोकायला हवा. मी गेलो.

टेम्पोतून उतरलं ते असं. खोक्याला चकचकीत सागवानी सनमायका. पुढच्या फळीला नक्षीची कमान, कमानीला सोनेरी पट्टी. खाली पितळी मुठीचा ड्रॉवर, कारण स्टोरेज नसेल तर गिऱ्हाईक शिव्या देतं. आतल्या बाजूला पिवळा एलईडी, हा शेठकडून प्रेमाची भेट. आणि तळाला चार चाकं. ग्रह बघायच्या खोक्याला चाकं. मी फोन केला तर शेठ म्हणाले, "झाडू मारने में भाभीजी को तकलीफ नहीं होना चाहिए."

तो खोका जिन्यातून चढत असताना गोदूबाई दारात आली. कमान पाहिली, सोनेरी पट्टी पाहिली, ड्रॉवर उघडून पाहिला. हमालानं बटण दाबून एलईडी पण दाखवला. गोदूबाईनं पदर सावरला, आत जाऊन हळदकुंकू आणलं आणि कमानीला बोटं ओढली. "बरं केलंस परमोद. घरात देव्हारा पायजेच."

मी तोंड उघडेपर्यंत बातमी विहारात पोचली होती. आणि विहारात त्या वेळी आप्पा होते.

आप्पा म्हणजे माझे वडील, भीमराव. कंपनीच्या टाइम ऑफिसात जन्म गेला. उशिरा आलेल्या मॅनेजरलाही त्यांनी गेटवर उभं केलेलं आहे. बावीस प्रतिज्ञा त्यांना पाठ आहेत आणि आम्हाला त्या पाठ आहेत की नाही हे ते अधूनमधून तपासतात. ते घरी आले, हॉलच्या मधोमध दिवा लागलेला आणि कुंकू लावलेला तो प्रकार पाहिला, आणि चप्पल न काढता उभे राहिले.

"चार माणसांनी मला विचारलं, भीमराव, तुमच्याकडे देव कधी बसतोय."

"आप्पा, तो स्टँड आहे."

"कशाचा?"

"दुर्बिणीचा."

"मग दुर्बीण बसव. बसली की बोल. तोपर्यंत मी गॅलरीत जेवतो."

त्यांनी खरंच ताट गॅलरीत नेलं. मी घाम गाळत नळी खाचांत बसवली. आप्पांनी हात धुऊन ती वरखाली केली, गोल फिरवली, एलईडीचं बटण बंद केलं आणि ओल्या फडक्यानं कमान पुसली. मग विहारातल्या चारही माणसांना फोन करून घरी बोलावलं आणि खोका तपासून घ्यायला लावला. चौघांनी खाली वाकून तपासला. एकानं ड्रॉवर चांगला आहे म्हणून सांगितलं.

एवढं निस्तरतोय तोच, साहेब, तुम्ही आलात. तुम्ही स्वतः नाही, तुमचा खांब आला. सकाळी मी कामाला गेलो तेव्हा चौकात खड्डा होता. संध्याकाळी आलो तेव्हा खड्डा तसाच, शेजारी हायमास्ट. दिव्यांची तोंडं रस्त्याकडे असतील असं कोणालाही वाटेल. ती आमच्या गच्चीकडे. रस्त्यावर अंधार, खड्ड्यात माणसं, आणि गच्चीवर एवढा उजेड की तिथं सुईत दोरा ओवता यावा. दक्षिणेचं सगळं आकाश त्या खांबामागे गेलं. गुरू तेवढा पूर्वेला उरला, तोही आजारी दिसायला लागला.

मी कचेरीत गेलो. खिडकीवर सुयोग नावाचा तरुण बसतो. मुलगा वाईट नाही, त्याला फक्त कॉम्प्युटरनं बांधून घातलंय.

"काका, दिवा बंद आहे का?"

"नाही. चालू आहे. तीच तक्रार आहे."

"चालू असेल तर तक्रार कशी घेऊ? हे बघा ना. दिवा बंद. दिवा लुकलुकतो. खांब वाकला. खांबाला करंट येतो. 'दिवा चालू आहे' असा ऑप्शनच नाहीये."

"मग 'इतर' मध्ये टाका."

"इतर मेलेल्या जनावरांसाठी आहे, काका."

माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. आवाज खाली आणून म्हणाला, "एक काम करू. 'दिवा बंद' टाकतो. माणूस साइटवर येईल. त्याला समोर उभं करून सांगा, तोंड खाली फिरव."

माणूस आला तेव्हा मी अंबरनाथला ड्रम मोजत होतो. त्यानं पाहिलं तर दिवा चालू. पण तक्रार तर बंदची आणि ती मिटवल्याशिवाय त्याला परत जाता येईना. म्हणून त्यानं आणखी दोन दिवे बसवले आणि गेला. मला मेसेज आला की आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, समाधानी असल्यास एक दाबा. असमाधानीला कुठलाच आकडा नव्हता.

इतक्यावर थांबलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. दोन दिवसांत त्याच खांबाला फ्लेक्स लागला. आमच्या भागात निवडणुकीला उभं राहायची फार दिवसांची इच्छा असलेले एक सद्गृहस्थ आहेत. वर त्यांचा हात जोडलेला फोटो, खाली माझा, सोसायटीच्या ग्रुपवरून उचललेला, हातात कारली असलेला. 'जागरूक नागरिक प्रमोदजी यांच्या पाठपुराव्याला यश. चौक उजळला.' ज्यांच्या बेडरूममध्ये तो उजेड शिरत होता त्यांनी आता कोणाला शिव्या द्यायच्या हे फोटोसकट ठरलं. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी लिफ्टमध्ये मला ऐकवलं की तुमच्यामुळे आमचं बाळ दिवस समजून खेळत बसतं.

आणि कार्तिकातली पौर्णिमा आली. विहारातली वंदना आटोपून, पांढऱ्या कपड्यांतच, मी गच्चीवर दुर्बीण मांडली. दिवेलागणीलाच अख्खी बिल्डिंग हजर. पूर्वेला चंद्र वर आला, खाली हायमास्ट, आणि मधे मी. पहिला मान बुधाजीशेठांचा. त्यांनी डोळा लावला आणि झटका बसल्यासारखे मागे सरले.

"डोल्यात ट्यूबलाइट मारलीस रं."

पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडतं. सावल्या नाहीत, त्यामुळे खड्डे नाहीत, डोंगर नाहीत. नुसता पांढरा फटफटीत गोळा. हे मी सांगू लागलो. लोक ऐकेनात. एक जण म्हणाला, भाकरी दिसते. दुसरा म्हणाला, भाकरीला निदान डाग असतात. तेवढ्यात गोदूबाई पुढे झाली आणि आधारासाठी तिनं खोक्यावर हात ठेवला. गच्चीला पाणी वाहून जायला उतार असतो. चंदरशेठच्या चाकांना तो उतार फार आवडला. खोका निघाला, नळी निघाली, एक हात खोक्यावर ठेवून गोदूबाईही निघाली, आणि सगळा लवाजमा पन्हाळीपाशी जाऊन थांबला. थांबल्यावरही ती डोळा लावून म्हणाली, "अजून कायच नाय दिसत."

उरलासुरला अपमान हितेशनं केला. त्याच्याकडे नवा मोबाइल, लग्नासाठी घेतलेला. त्यानं उभ्याउभ्या चंद्रावर झूम केला आणि एक फोटो काढला. खड्डे, डोंगर, सगळं. लोकांनी वा वा केलं. मी सांगत होतो की तो फोटो मोबाइल स्वतःच्या पोटातून भरतो, आकाशातून नाही. पण माझ्या मोबाइलवर तेव्हा पांढरा ठिपका होता आणि पांढरा ठिपका दाखवणाऱ्याचं कोण ऐकतं.

शेठनी हात पुढे केला. त्या रात्रीपुरती घेतलेली चावी मी परत दिली. "गीझर पान्याला जोड," ते म्हणाले. कुजकेपणानं नाही, समजूत घालावी तसे, आणि तेच जास्त लागलं. जिना उतरताना आप्पा म्हणाले, "दिवस कोणी ठरवला होता?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "मग दिव्याला कशाला शिव्या देतोस? निम्म्या त्याला दे, निम्म्या स्वतःला दे."

तेव्हापासून दुर्बीण हॉलमध्ये उभी. भावना तिच्या ड्रॉवरमध्ये लाइटची बिलं ठेवू लागली. मी रागानं चाकं काढून टाकली, एवढंच काम केलं. बाकी रोज संध्याकाळी ग्रिलमधून समोरचं ग्रिल बघत बसायचो. मला बक्षीस नको होतं, कौतुक नको होतं. बापजन्मात पहिल्यांदा एक गोष्ट फक्त स्वतःच्या हौसेसाठी घेतली होती आणि ती बघायला माझ्याच बिल्डिंगच्या डोक्यावर मला चढता येत नव्हतं.

मार्गशीर्षात हितेशची हळद आली. आमच्याकडच्या आगरी हळदीबद्दल तुम्हाला सांगायला नको, साहेब. तुम्हीही दोनचार ठिकाणी जेवून गेला असाल. शेठनी गच्चीवरच मांडव घातला. चारही बाजूंनी उंच कनाती, कारण शेजारच्या बिल्डिंगमधून फुकट बघणारे त्यांना चालत नाहीत. आणि वरचं छत मात्र उघडं. का? तर ड्रोन. हळदीचं शूटिंग ड्रोननं करायचं होतं आणि छत असलं तर ड्रोनला फक्त छत दिसतं.

आम्ही तिघं आमंत्रणावरून वर गेलो. नुकताच अंधार पडला होता. लाइटवाल्याचा जनरेटर अजून जिन्यात अडकलेला, डीजे वायरी जोडतोय. मी कडेची खुर्ची धरून बसलो आणि सवयीनं मान वर केली.

तारे होते.

मी आधी कनातीकडे बघितलं, मग वर, मग परत कनातीकडे. तुमच्या हायमास्टचे सगळे दिवे त्या लालपिवळ्या कापडावर आपटून पलीकडे पडत होते. आत त्यांचा एक कवडसा नव्हता. डोक्यावर चौकोनी आकाश, मंडपवाल्यानं मापात कापून दिल्यासारखं. दक्षिणेला अर्धा चंद्र, अष्टमीचा. आणि त्याच्याजवळ न लुकलुकणारा एक पिवळसर ठिपका.

मी तसाच खाली पळालो. भावनाला वाटलं मला मळमळतंय. आप्पांनी मात्र माझ्याकडे बघितलं, वर बघितलं आणि काही न विचारता मागोमाग आले. खोक्याचं एक टोक त्यांनी धरलं.

गच्चीवर खोका टेकवला तेव्हा शेठ आडवे आले. "परमोद, आज नको. पावनं आलेत."

"शेठ, जनरेटर चढेपर्यंत. नंतर तुम्ही म्हणाल तर ही नळी मी स्वतः पाण्याला जोडतो."

शेठ बोलायच्या आत गोदूबाई नवी साडी सावरत आली. नळी मी आधी चंद्रावर लावली होती. तिनं डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. अष्टमीला चंद्रावर ऊन तिरकं पडतं, प्रत्येक खड्ड्याची सावली पडते. "ह्याला तं देवी आल्यात," ती म्हणाली. "सगलं तोंड भरलंय वनांनी."

झालं. पाहुणे उठले. आप्पा टाइम ऑफिसात शिरले. "एकामागे एक. ताट बाजूला ठेवून या. एका माणसानं एकदाच बघायचं, परत बघायचं असेल तर परत रांग." हळदीचे पाहुणे भातलावणीसारखे ओळीत उभे राहिले. मुख्य पाहुणा हितेश, त्याला रांग नाही. हळद अजून लागायची होती पण बहिणींनी आधीच त्याचं तोंड माखलेलं. त्यानं तसाच डोळा लावला आणि सगळं भिंग पिवळं करून ठेवलं.

मी शर्टाच्या टोकानं भिंग पुसलं आणि नळी त्या ठिपक्यावर फिरवली. सापडला. बारीकसा, पिवळा, आणि भोवती कडं. पुस्तकातल्यासारखं कडं.

"आता शनी बघा," मी म्हटलं आणि रांग थांबली.

शेठांचा चेहरा पडला. त्यांना साडेसाती चालू होती. त्यांच्यासाठी गोदूबाई दर शनिवारी तेल घालत आलेली, हे सगळ्या कात्रपला माहीत होतं. "बंद कर," ते हळूच म्हणाले. "पोराच्या हलदीला त्याचं नाव कशाला काढतंस? तो आपल्याकडं बगतो तेवडं पुरे नाय?"

भावनानं माझ्या दंडाला चिमटा काढला. आणि गोदूबाई रांग मोडून परत पुढे आली. आप्पांनी तिला अडवलं नाही.

तिनं डोळा लावला. डीजेवालाही वायर जोडायचा थांबला होता.

"ह्यो?" ती म्हणाली. "एवडासा? ह्याला मी इतकी वर्सं तेल घातलं?"

कोणीतरी हसलं. तिचा डोळा नळीलाच. "पन पिवला हाय गं. परमोद, हितेशची हलद राह्यली वाटतं काचेला."

"नाही काकी, काच पुसलीये. तो मुळातच पिवळा आहे."

तिनं डोळा नळीवरून काढला. मग कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे वळली. "आवो, बगा इकडं येऊन. ह्यालाबी हलद लागलीय. गल्यात हार बी घातलाय. आज त्याचंच लगीन हाय, तो कुनाचं कशाला वाईट करंल?"

बुधाजीशेठ आले. दोन्ही हात पाठीमागे बांधून, नळीला अंग लागू न देता वाकले. एकदा डोळा लावला आणि काढला. परत लावला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आप्पांना त्यांनी नुसतंच विचारलं, "भीमराव, तुमी बगितला?"

"रांग संपली की बघतो," आप्पा म्हणाले.

त्या संध्याकाळी शंभर वर्षांच्या दिसणाऱ्या शेठांच्या एका आत्यापासून हळदीच्या मुलापर्यंत सगळ्यांनी शनी पाहिला. जनरेटर वर आला तरी शेठनी दिवे लावू दिले नाहीत. हितेशनं त्याच्या मोबाइलवर शनीवर झूम केला तर पिवळा ठिपका आला. त्याच्या मोबाइलच्या पोटात चंद्रच भरलेला होता, शनी कोणी भरलेला नव्हता. मग मी माझा जुना मोबाइल क्लिपनं नळीला लावला आणि एक छोटासा व्हिडिओ काढून त्यातला बरा तुकडा ठेवला. जरा हललेला आहे, पण कडं दिसतं. कोणालाही विचारा. आज तो सोसायटीच्या ग्रुपचा फोटो आहे आणि हितेशच्या लग्नाच्या अल्बममध्ये ड्रोनच्या फोटोच्या आधी लागणार आहे.

हळद सुरू झाली तेव्हा शेठनी मला बाजूला घेतलं. कमरेचा जुडगा सोडला, गच्चीची चावी काढली आणि माझ्या हळद लागलेल्या हातात ठेवली. "तुज्याकडंच राहूदे. पन टाकी भरली का बगत जा." म्हणजे आता पाण्याची टाकीही माझ्याकडे. घेतली. हक्क आला की पाणी सोडावंच लागतं.

सगळ्यात शेवटी आप्पांनी बघितलं. बघून झाल्यावर चष्मा पुसला आणि म्हणाले, "पौर्णिमा सोडून बाकीचे दिवस पण ठीक आहेत."

आता तुमचं, साहेब. मंडपवाल्याकडे लागोपाठ तीन लग्नं आहेत, तो कनाती न्यायला उद्या येतोय. कनाती गेल्या की गच्चीवर परत तुमचा उजेड. आमची मागणी फार मोठी नाही. दिव्यांची तोंडं गच्चीवरून काढा आणि रस्त्याकडे करा, म्हणजे आम्हाला आकाश दिसेल आणि लोकांना खड्डा दिसेल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकमतानं ठरलंय की मी एकटा कचेरीत जायचं नाही, गोदूबाईंना घेऊन जायचं. त्यांनी शनीला समोर उभं करून त्याच्या तोंडावर विचारलेलं आहे. त्या तुमच्या केबिनमध्ये येऊन काय विचारतील, याचा बसल्या जागी विचार करा आणि मला सांगा, दिवा कधी खाली वळवताय? उत्तर लेखी पाहिजे.